पत्रकं सगळ्यांची सारखीच. मग नगरसेवकाचा अग्रक्रम ओळखायचा कसा?

प्रश्न २०२६ च्या पुणे महापालिका निवडणुकीआधीचा आहे: सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, २०२१ साली महापालिकेत आलेल्या गावातल्या एका सोसायटीत आठ दिवसांत अकरा उमेदवार येऊन गेले. सगळ्यांच्या पत्रकावर पाणी, रस्ते, कचरा आणि वाहतूककोंडी. १५ जानेवारी २०२६ ला चार मतं द्यायची आहेत. फरक कशावरून करायचा, आणि उमेदवार दारात उभा असताना त्याला नेमकं विचारायचं काय?

पत्रक आधी बाजूला ठेवा. पुण्यात नगरसेवकाचा खरा अग्रक्रम दोन कागदांवर उमटतो: अंदाजपत्रकातली त्याची ‘स’ यादी आणि वर्षअखेरीचे वर्गीकरणाचे ठराव. मुख्य सभेपुढे (सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे) जाणारं अंदाजपत्रक स्थायी समिती तयार करते तेव्हा नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेली कामं रकमेसकट त्यात छापली जातात, ती ‘स’ यादी. एका कामासाठी ठेवलेला, खर्च न झालेला पैसा ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवायचा, ते वर्गीकरण. उमेदवार माजी नगरसेवक असेल तर हे दोन्ही कागद त्याच्या भाषणापेक्षा जास्त बोलतात.

महापालिकेत १५ मार्च २०२२ पासून या निवडणुकीपर्यंत प्रशासक होता, नगरसेवक नव्हते. त्यामुळे माजी नगरसेवकांचं माप २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच अंदाजपत्रकांत शोधावं लागेल. पुस्तकं जाड असतात, पण त्याच्या तेव्हाच्या प्रभागाची पानं मोजकीच असतात. पेन घेऊन बसा आणि प्रत्येक कामापुढे खूण करा. ड्रेनेज, पावसाळी गटारं आणि जलवाहिन्या एका गटात. रस्त्याची रुंदी वाढवणं आणि त्यासाठीची जागा दुसऱ्या गटात. आहे त्याच गल्लीचं काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि पदपथाची दुरुस्ती तिसऱ्यात. बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, कमानी, नामफलक आणि ‘सुशोभीकरण’ चौथ्यात. मग गटवार बेरीज करा. तासाभराचं काम आहे. चौथा गट पहिल्यापेक्षा मोठा निघाला तर त्या माणसाचा अग्रक्रम काय होता हे वेगळं सांगायला नको.

एक काम लहान-लहान तुकड्यांत लिहिलेलं दिसलं, म्हणजे ‘अमुक गल्ली भाग १, भाग २, भाग ३’, तर तिथे थांबा. कधी कधी गल्ल्या खरंच वेगळ्या असतात. पण बऱ्याचदा निविदेची रक्कम आटोक्यात ठेवायची म्हणून काम तोडलेलं असतं. अशा तुकड्यांचे ठेकेदार वेगवेगळे नेमले जातात, काँक्रीटची पातळी जुळत नाही आणि जिथे दोन तुकडे भेटतात तिथे पहिल्याच पावसात तळं साचतं.

वर्गीकरणाचा अर्थ लावताना मात्र घाई करू नका. प्रत्येक वर्गीकरण वाईट नसतं. अचानक कल्व्हर्ट (रस्त्याखालची मोरी) खचला तर पैसे कुठून तरी वळवावेच लागतात. पाहायचं ते पैसा कुठून उचलला आणि कुठे नेला. भूसंपादन किंवा मुख्य जलवाहिनीच्या तरतुदीतून काढून जानेवारी-फेब्रुवारीत पेव्हर ब्लॉकला दिला असेल तर गणित साधं आहे. भूसंपादन एका वर्षात होत नाही आणि त्याचा फोटोही निघत नाही. पेव्हर ब्लॉक ३१ मार्चच्या आत बसतात आणि त्यांच्या उद्घाटनाचा फ्लेक्स लागतो.

पहिल्यांदाच उभ्या असलेल्या उमेदवाराची ‘स’ यादी नसते. त्याला एकच प्रश्न पुरतो: ‘एप्रिलपासूनच्या अंदाजपत्रकात आमच्या भागासाठी पहिली तीन कामं कोणती मागणार आणि कोणत्या खात्यातून?’ हा प्रश्न काल्पनिक नाही. निवडून आल्यावर महापौर, स्थायी समिती वगैरे बसेपर्यंत अंदाजपत्रक दारात येऊन ठेपलेलं असेल. तयारीचा माणूस ‘पथ विभाग’, ‘मलनिस्सारण’, ‘पाणीपुरवठा’ अशी खात्यांची नावं घेऊन बोलतो आणि कोणता रस्ता कुठून कुठपर्यंत ते सांगतो. बाकीचे ‘सर्वांगीण विकास’ म्हणतात.

आता आश्वासनांकडे. प्रत्येक आश्वासनाला तीन चाळण्या लावा: अधिकार कोणाचा, जागा ताब्यात आहे का, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून). निम्म्याहून जास्त आश्वासनं पहिल्याच चाळणीत अडकतात.

नगरसेवकाच्या हातात अंमलबजावणी नसते, ती आयुक्तांची. तो मुख्य सभेत आणि समित्यांत मत देतो, लेखी प्रश्न विचारतो, ठराव मांडतो, अंदाजपत्रकात तरतूद करून घेतो आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या मागे लागतो. हे कमी नाही, पण त्याला कुंपण आहे. नवले पुलाजवळचे महामार्गावरचे अपघात थांबवू म्हणणाऱ्याला विचारा, तो महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आहे, मग तुम्ही नक्की काय करणार? ‘महापालिकेच्या हद्दीतला सेवा रस्ता सलग करून घेऊ, त्यातल्या या दोन जागांचं संपादन राहिलंय’ असं उत्तर आलं तर माणसाने नकाशा पाहिला आहे. ‘दिल्लीत पाठपुरावा करू’ हे पत्र लिहिण्याचं आश्वासन आहे. बस वाढवू म्हणणाऱ्याचंही तेच. पीएमपी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची बस कंपनी आहे. नगरसेवक तिच्या तुटीसाठी तरतूद करू शकतो, थांब्याची जागा मिळवून देऊ शकतो. फेऱ्या ठरवत नाही. मेट्रो महामेट्रोची, वीज महावितरणची; रस्त्यावरचा दिवा मात्र महापालिकेचा.

मिळकतकर माफ करू, हे आश्वासन समाविष्ट गावांत हमखास ऐकू येतं. कराचे दर मुख्य सभा ठरवते आणि कायद्याप्रमाणे ते पुढच्या वर्षासाठी २० फेब्रुवारीच्या आत ठरायला हवेत. म्हणजे दर वाढू न देणं नगरसेवकांच्या हातात आहे. सवलत किंवा माफी देणं ही गोष्ट वेगळी. राहत्या घराची ४० टक्के सवलत गेली होती तेव्हा २०२३ मध्ये ती परत आणायला राज्य सरकारला निर्णय घ्यावा लागला. सरसकट माफी म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा: जकात २०१३ साली गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) हाही गेला, आता महापालिकेची भिस्त जीएसटीच्या अनुदानावर, मिळकतकरावर आणि बांधकाम शुल्कावर आहे. यातलं एक काढलं तर तुमच्याच पत्रकातली जलवाहिनी कशातून टाकणार?

पाण्यावर जरा थांबायला हवं, कारण या पट्ट्यात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची साठवण क्षमता साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं पुण्याला किती द्यायचं ते जलसंपदा विभाग ठरवतो. ‘जादा दोन टीएमसी आणू’ हे वाक्य नगरसेवकाच्या तोंडी शोभत नाही. त्याने बोलायचं ते धरणाच्या अलीकडच्या गोष्टींवर: आपला भाग कोणत्या टाकीच्या झोनमध्ये आहे, ती टाकी बांधून झाली आहे का, जलशुद्धीकरण केंद्रापासून टाकीपर्यंतची मुख्य वाहिनी पूर्ण आहे का, टाकीपासून सोसायटीपर्यंतची वितरण वाहिनी किती इंची आहे. या साखळीतली एक कडी राहिली तरी नळ कोरडा. टाकी उभी आहे, रंग दिलेला आहे, पण तिच्यात पाणी आणणाऱ्या वाहिनीचे शेवटचे दोनशे मीटर कोणाच्या तरी खासगी जागेतून जातात म्हणून ती वाहिनी वर्षानुवर्षं रखडली आहे, असं होतं. म्हणून ‘टाकी झाली का’ एवढंच विचारू नका, ‘टाकी भरते का आणि किती तास’ असं विचारा. त्या भागातल्या व्हॉल्व्हमनला हे उमेदवारापेक्षा जास्त ठाऊक असतं, त्यालाही विचारा.

शुद्धतेचा प्रश्न वेगळा विचारा. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही गावांना विहिरीचं पाणी फक्त क्लोरीन टाकून दिलं जात होतं, हे सगळ्या शहराला कळलं. तेव्हा ‘पाणी देऊ’ या आश्वासनाचे दोन भाग पडतात: किती आणि कसलं. शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी कोणत्या वर्षी, कोणत्या वाहिनीने, हे उत्तर हवं. ते येईपर्यंत नळाच्या टोकाशी क्लोरीन किती उरतं याची तपासणी सोसायटीच्या फलकावर लावून घेईन, इतकं जरी एखादा म्हणाला तरी तो विषयात आहे.

टँकरचा हिशेब उमेदवार येण्याआधी स्वतः करून ठेवा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे नेहमीचं माप. १०० सदनिका आणि घरटी चार माणसं धरली तर ५४,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे जवळपास साडेपाच टँकर. महापालिकेच्या नळाने यातलं किती येतं ते मीटरवर पाहा, उरलेल्याचे महिन्याचे पैसे काढा आणि तो आकडा समोर ठेवा. समाविष्ट गावांत आणखी एक कागद महत्त्वाचा असतो. पाण्याची सोय होईपर्यंत पाणी मी पुरवीन, असं हमीपत्र अनेक बिल्डरांनी बांधकाम परवानगी घेताना दिलेलं असतं. ते आपल्या इमारतीच्या परवानगीच्या कागदांत आहे का, ते शोधा. मग उमेदवाराला विचारा, ते अमलात आणायला तुम्ही आमच्या बाजूने बसाल का? काही उमेदवारांचा चेहरा या प्रश्नावर का बदलतो ते त्यांच्या शपथपत्रातल्या व्यवसायाच्या रकान्यात बहुधा सापडतं.

रस्त्यांची गोष्ट जागेपाशी सुरू होते आणि जागेपाशीच संपते. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंद करायचं ठरलं, २०१८ मध्ये काम सुरू झालं, जागा मिळेना म्हणून रुंदी ५० मीटरवर आणावी लागली आणि तरीही भूसंपादनाचं गाडं अडतच राहिलं. डांबर, काँक्रीट, ठेकेदार यांची इतकी अडचण नसते. म्हणून ‘विकास आराखड्यातला रस्ता करू’ म्हणणाऱ्याला लांबी विचारा आणि त्यातले किती मीटर आज महापालिकेच्या ताब्यात आहेत ते विचारा. समजा, ५०० मीटर लांब आणि १८ मीटर रुंद रस्ता आहे. म्हणजे ९,००० चौरस मीटर जागा. रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेला जमिनीचा) दर चौरस मीटरला २०,००० रुपये धरला तर मूळ किंमत १८ कोटी, आणि शहरी भागात रोख मोबदला साधारण दुपटीला जातो, म्हणजे ३६ कोटी. यात खडीचा एक दाणाही आलेला नाही. मालक टीडीआर (रोख पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायला तयार असेल तर महापालिकेची तिजोरी वाचते, पण टीडीआरचा बाजारभाव पडलेला असला की मालक रोखच मागतो आणि तिथे सगळं थांबतं. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं हे ऐकून ३६ कोटी किरकोळ वाटतात. पण त्यातून पगार, पाणी-वीज, देखभाल आणि चालू प्रकल्पांची देणी गेल्यावर उरलेल्या पैशांवर ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक डोळा ठेवून बसलेले असतात.

जाणकार उमेदवार अख्खा रस्ता कबूल करत नाही. तो म्हणतो, ‘तीन मालकांशी बोलणं झालंय, दोघे टीडीआरला तयार आहेत, तिसऱ्याच्या चाळीस मीटरसाठी रोख तरतूद मागणार.’ कंटाळवाणं उत्तर आहे, पण मत देण्याजोगं.

नाले आणि पावसाळी पाणी कोणाच्याच पत्रकावर ठळक नसतं. जानेवारीत नाला कोरडा असतो, दुसरं काय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या आणि २५ जुलै २०२४ ला एकतानगरीतल्या पुराने काय दाखवलं ते या पट्ट्यात सांगायला नको. पहिल्याचं कारण ओढ्याचं अरुंद झालेलं पात्र आणि ढगफुटीसारखा पाऊस, दुसऱ्याचं खडकवासल्यातून सोडलेलं पाणी आणि नदीकाठच्या सखल सोसायट्या. दोन्हींवर उपाय एकच नाही. ओढ्यासाठी कल्व्हर्टची रुंदी, सीमाभिंती आणि मे महिन्याच्या आत झालेली नालेसफाई महत्त्वाची. नदीसाठी निळी पूररेषा (जिच्या आत बांधकामाला मनाई असते) आणि विसर्गाची वेळेवर मिळालेली सूचना. ‘नाला बंदिस्त करून वर रस्ता करू’ असं कोणी उत्साहाने सांगितलं तर सावध व्हा. बंदिस्त नाल्यात गाळ काढायला माणूस किंवा यंत्र कुठून उतरणार, हे त्याला विचारा. गल्लीत जुन्या काँक्रीटवर नवं काँक्रीट टाकण्याच्या हौसेचा परिणामही इथेच दिसतो: रस्ता दर खेपेस सहा-आठ इंच वर येतो, चेंबर बुजतात आणि पाणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरतं. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा, ही अट निविदेत घालून घेईन असं म्हणणारा उमेदवार मिळाला तर त्याला चहा पाजा.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. डेपो हटवू म्हणणाऱ्याने तो कुठे नेणार ते सांगावं. उरुळी-फुरसुंगीकरांनी हा भार किती वर्षं वाहिला ते पुण्याला माहीत आहे. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा होणाऱ्या सोसायटीने ओला कचरा आवारातच जिरवायचा असतो, त्यामुळे तुमची सोसायटी त्यात बसत असेल तर आधी स्वतःचं खतयंत्र चालू आहे का ते बघा. ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांना पिंप ठेवायला आणि वर्गीकरण करायला (हे वर्गीकरण कचऱ्याचं!) प्रभागात शेड मिळवून देणार का, हा उमेदवाराला विचारायचा प्रश्न.

आता चार मतांचा गुंता. पाच जागांचा एक प्रभाग सोडला तर प्रत्येक प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात आणि प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते. एकाच पॅनेलला चारही मतं द्यायचं बंधन नाही. अ जागेवर एका पक्षाचा आणि ड जागेवर अपक्ष, असंही चालतं. प्रत्येक जागेला वेगळा ‘नोटा’ आहे. यंत्रावर चारही जागांसाठी बटण दाबल्यावरच मतदान पूर्ण होतं, म्हणून एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर तिथला नोटा दाबा. तीनच मतं देऊन निघून जाऊ नका.

या पद्धतीची खरी अडचण निकालानंतर सुरू होते. चार नगरसेवक बहुधा प्रभाग आपसात वाटून घेतात आणि तुमचा रस्ता दोघांच्या सीमेवर असला की तो कोणाचाच नसतो. पुढे फोन करावा तर ‘ते दुसऱ्या भाऊंकडे येतं.’ म्हणून आत्ताच विचारा: ‘तुमच्या पॅनेलमधले बाकीचे तिघे पडले आणि विरोधी पक्षाचे तिघे आले, तर हे काम त्यांच्याबरोबर कसं करून घ्याल?’ या प्रश्नाला तयार उत्तर नसतं, त्यामुळे त्यातून माणूस दिसतो. निवडून आलेल्या चौघांना एकत्र बसवून टाकी आणि मुख्य रस्ता यांसाठी चौघांच्या ‘स’ यादीतला ठरावीक वाटा द्यायला लावा. चार छोट्या याद्यांतून चार कमानी होतात; एकत्र केल्या तर गटाराची एक वाहिनी होते.

शपथपत्र वाचायला दहा मिनिटं लागतात, पण लोक फक्त मालमत्तेचा आकडा बघून मोकळे होतात. प्रलंबित गुन्ह्यांत कलम कोणतं ते पाहा; आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका पारड्यात घालू नका. २०१७ ला लढलेला असेल तर तेव्हाचं आणि आताचं शपथपत्र शेजारी ठेवा. स्वतःच्या आणि जोडीदाराच्या भागीदारी संस्था कोणत्या व्यवसायात आहेत ते पाहा. महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असणं आणि बेकायदा बांधकाम या दोन्ही गोष्टी अपात्रतेपर्यंत जाऊ शकतात. राखीव जागेवरच्या उमेदवाराचं जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे की मिळायचंय हेही विचारा. ते मुदतीत आलं नाही तर नगरसेवकपद जातं आणि पोटनिवडणूक होईपर्यंत प्रभागाचा एक आवाज कमी होतो.

या निवडणुकीत पुण्यात उमेदवाराला खर्चाची मर्यादा १५ लाख रुपये होती. देवदर्शनाच्या बसगाड्या, पैठणीचे खेळ आणि चौकाचौकांतले फ्लेक्स यांची मनातल्या मनात बेरीज केली की पुढच्या पाच वर्षांच्या अग्रक्रमाबद्दल वेगळाच अंदाज येतो. तो कागदावर सिद्ध करता येणार नाही, पण विसरायचंही कारण नाही.

उमेदवाराला सोसायटीत बोलवायचं तर वीस मिनिटांची वेळ द्या, पाच प्रश्न आधी लेखी पाठवा आणि भाषण नको म्हणून कळवा. सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. उत्तरं एका तक्त्यात लिहा: कामाचं नाव, खातं, अंदाजे रक्कम, पहिल्या वर्षात काय दिसेल. रिकामा रकाना रिकामाच ठेवा आणि तक्ता सूचना फलकावर लावा. निवडून आलेल्याला तोच तक्ता अंदाजपत्रकाच्या आधी पाठवायचा असतो. सोबत क्षेत्रीय कार्यालयाला ‘नागरिकांच्या अंदाजपत्रका’खाली लहान कामांचे अर्ज द्यायचे असतात. ही सोय पुण्यात २००६-०७ पासून आहे आणि अर्ज नागरिक स्वतः करतात. पदपथ, दिवे, बसथांबा अशी कामं त्यात बसतात. त्यासाठी नगरसेवकाची ‘स’ यादी खर्ची घालू नका.

या निवडणुकीसाठी मतदार यादी १ जुलै २०२५ ची धरलेली होती आणि प्रभागांच्या सीमा नव्या होत्या, त्यामुळे २०१७ चं केंद्र गृहीत धरू नका. नाव शेजारच्या प्रभागात गेलेलं असू शकतं. रस्त्याच्या अलीकडची इमारत एका प्रभागात आणि पलीकडची दुसऱ्यात असते. नावापुढे दोन तारे छापलेले असतील तर नाव दुबार असल्याची ती खूण आहे; तुम्ही कोणत्या केंद्रावर मत देणार ते लिहून द्यावं लागेल, म्हणून ओळखपत्र घेऊन सकाळीच जा.